भंगारातली विमाने पुन्हा उडतात तेव्हा

करमाडच्या शिवारात तीस-चाळीस वर्षे जुना ट्रॅक्टर नांगरट करताना दिसला, तर कोणी थांबून पाहत नाही. इंजिन खोलून रिंग-पिस्टन बदलले, नोझल साफ केले, गळणारे ऑइल सील नवे टाकले, की तो आणखी काही हंगाम काढतो. मध्येच बंद पडला तर चालक खाली उतरतो, बांधावर बसून मिस्त्रीला फोन लावतो. याच करमाडवरून चिकलठाण्याच्या धावपट्टीकडे उतरणारी प्रवासी विमाने दिसतात. तिथे काही बिघडले तर उतरायला बांध नसतो. ट्रॅक्टर आणि विमान यांच्यातला हा फरक साधा आहे. पण सत्तर-ऐंशी वर्षे जुने लढाऊ विमान पुन्हा आकाशात न्यायचे ठरले, की सगळा खर्च, सगळी मेहनत आणि सगळी भीती याच फरकापाशी येऊन थांबते.

जगभर असे उद्योग चालतात. इंग्लंड आणि अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातली विमाने दुरुस्त करून उडवणाऱ्या संस्था आहेत, त्यांचे मेळे भरतात, तिकिटे विकली जातात. भारतीय हवाई दलाकडेही जुन्या विमानांची एक तुकडी आहे. पण भंगारातून उठवलेल्या विमानांची सर्वात मोठी गोष्ट कोणत्याही छंदातून घडलेली नाही. ती गरजेतून घडली, तीही भारतात, आणि तिचे धागे सोलापूर-पुण्यापर्यंत येतात.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यातली अनेक बी-२४ लिबरेटर बॉम्बफेकी विमाने कानपूरच्या चकेरी तळावर आणून उभी केली गेली. चार इंजिने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३३ मीटरहून अधिक लांबीचे पंख, आणि समुद्रावर तासन् तास फिरण्याची क्षमता असलेले हे विमान अमेरिकेने युद्धकाळात १८ हजारांहून अधिक संख्येने बनवले होते. ब्रिटनला ती उधारीच्या करारावर मिळाली होती. युद्ध संपल्यावर ती एक तर परत करायची, नाही तर वापरता येणार नाहीत अशी करून टाकायची. परत नेण्याचा खर्च कोण करणार? त्यामुळे चकेरीवर ती ठरवून मोडली गेली. यंत्रफलक फोडले, इंजिने निकामी केली, पत्र्यावर घाव घातले. ब्रिटिश गेले, विमाने तिथेच राहिली. त्यानंतर पावसाळे आले आणि उरलेले काम पाण्याने केले.

स्वतंत्र भारताच्या हवाई दलाकडे एकही जड बॉम्बफेकी विमान नव्हते. १९४७ च्या ऑक्टोबरात काश्मीरमध्ये युद्ध सुरू झाले होते, नवी विमाने विकत घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा हे काम बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट या कंपनीकडे आले. ही कंपनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने काढली ती सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. विमाने भारतात बनवायची हे त्यांचे स्वप्न होते, पण युद्ध पूर्वेकडे आल्यावर कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या दुरुस्तीच्या कामाला जुंपला गेला. स्वप्नाच्या दृष्टीने तो अपेक्षाभंगच म्हणायचा. पण त्या काही वर्षांत इथल्या फिटर, वेल्डर आणि पत्रा कारागिरांच्या हाताखालून अमेरिकी विमाने आणि इंजिने सतत गेली. प्रत्येक भाग सुटा करायचा, मोजायचा, तपासायचा, नोंद करायची आणि मगच परत बसवायचा, ही शिस्त अंगवळणी पडली. शिवाय लिबरेटरचे इंजिन म्हणजे प्रॅट अँड व्हिटनीचे १४ सिलिंडरचे, १२०० अश्वशक्तीचे ट्विन वास्प. त्याच घराण्याचे इंजिन डाकोटा विमानाला असते, आणि डाकोटा तर भारतात भरपूर होत्या.

चकेरीच्या मैदानात कामाची पद्धत अशी होती: एका विमानाला दुसऱ्याचे सुटे भाग लावून ते एकदाच उडण्याइतके नीट करायचे आणि बंगळूरला न्यायचे. संपूर्ण दुरुस्ती तिथे. कानपूर ते बंगळूर हे हवाई अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. तात्पुरत्या डागडुजीवर चार इंजिनांचे विमान इतके लांब नेणे ही जिवावरची गोष्ट होती, आणि ती कंपनीचे मुख्य वैमानिक जमशेद मुन्शी यांनी पुन्हा पुन्हा केली. अशी चाळीसहून अधिक विमाने उभी राहिली. १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये हवाई दलाची ५ क्रमांकाची तुकडी लिबरेटरवर उभी राहिली. ती पुढे पुण्याला आली. १९५१ मध्ये ६ क्रमांकाची तुकडीही पुण्यातच लिबरेटर घेऊन पुन्हा सुरू झाली. तिचे काम अरबी समुद्रावरची टेहळणी. ज्यांचे बालपण पन्नाशी-साठीच्या दशकात लोहगाव परिसरात गेले, त्यांच्या कानांवरून या चार इंजिनांचा आवाज अनेकदा गेला असणार. १९६८ च्या अखेरीस ही विमाने निवृत्त झाली. ज्यांना १९४६ मध्ये भंगार ठरवले होते, ती वीस वर्षे चालली.

मग जगाला जाग आली. १८ हजारांतली जवळपास सगळी विमाने वितळवून झाली होती आणि चालत्या स्थितीतली लिबरेटर उरली होती ती भारतात. कॅनडाने १९६८ मध्ये एक नेले, आणि बदल्यात लायसँडर हे जुने विमान दिले. ते आज दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे. १९६९ मध्ये एक अमेरिकेत ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयासाठी गेले. १९७४ मध्ये एक ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाला भेट मिळाले, ज्यांनी ती मोडून टाकली होती त्यांनाच. ही तिन्ही विमाने पेटीत भरून गेली नाहीत, स्वतःच्या पंखांवर उडत गेली. आणखी एक इंग्लंडमार्गे अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे पोहोचले. पाच वर्षांच्या कामानंतर १९८९ मध्ये ते पुन्हा उडू लागले आणि पुढची तीस वर्षे शहरोशहरी फिरले. एक पालमला राहिले. ते उडत नाही.

करमाड हे गाव १९४८ मध्ये निजामाच्या राज्यात होते, म्हणून एक आठवण इथे सांगितलीच पाहिजे. त्या सप्टेंबरातल्या पोलीस ॲक्शनमध्ये भारतीय हवाई दलाने टेम्पेस्ट जातीची लढाऊ विमाने वापरली होती. त्याच ताफ्यातले, पुढे भंगारात निघालेले एक टेम्पेस्ट इंग्लंडला नेले गेले. अनेक वर्षे ते सुट्या भागांच्या रूपात या हातातून त्या हातात फिरत राहिले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये उडाले. भंगार आणि वारसा यांच्यातले अंतर कधी कधी फक्त वेळेचे असते.

आता विज्ञानाकडे. जुने विमान म्हातारे होते म्हणजे नेमके काय होते?

लोखंडी तार हाताने वाकवली, सरळ केली, पुन्हा वाकवली, असे आठ-दहा वेळा केले की ती तुटते. एका झटक्यात ती तुटली नसती. याला धातूची थकावट म्हणतात. विमानाचा पंख प्रत्येक उड्डाणात वर वाकतो आणि जमिनीवर टेकल्यावर खाली येतो. हवेच्या प्रत्येक धक्क्यात थोडा थोडा हलतो. हे वाकणे डोळ्यांना दिसते त्यापेक्षा फारच कमी असते, पण त्याची संख्या लाखांत जाते. एखाद्या रिव्हेटच्या भोकाच्या कडेला केसाएवढी चीर पडते. ती प्रत्येक उड्डाणात किंचित पुढे सरकते. बाहेरून रंग तसाच, पत्रा तसाच. शेवटी उरलेला धातू भार पेलू शकत नाही आणि पंख एका क्षणात सुटतो.

पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्यात इथे एक महत्त्वाचा भेद आहे. पोलादावर पडणारा ताण एका मर्यादेच्या खाली ठेवला, तर ते व्यवहारात कितीही वेळा तो सहन करू शकते. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही. ताण कितीही कमी असला तरी पुरेशा वेळा दिला की ते कधी ना कधी चिरणारच. म्हणून विमानाचे वय वर्षांत मोजून भागत नाही. किती तास उडाले, किती वेळा उतरले, किती जोरात वळवले, हे सगळे पाहावे लागते. बहुतेक जुन्या लढाऊ विमानांच्या या नोंदी अर्धवट असतात. युद्धात कोण हिशेब ठेवत बसले होते!

दुसरा शत्रू गंज. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चिंचेची आमटी रात्रभर राहिली की तळाला बारीक खड्डे पडतात, हे स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिलेले आहे. विमानाचा पत्रा शुद्ध ॲल्युमिनियमचा नसतो. त्यात चार टक्क्यांच्या आसपास तांबे असते. तांब्यामुळे त्याला जवळपास पोलादासारखी ताकद येते, पण तेच तांबे ओलावा मिळाला की गंजाला निमित्त ठरते. म्हणून पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो. तो ओरखडला, भोक पाडताना उघडा पडला, की आतला मिश्रधातू उघडा. दोन पत्रे जिथे एकावर एक जोडलेले असतात तिथे पावसाचे पाणी केशाकर्षणाने शिरते आणि वाळत नाही. गंजाची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे पत्रे एकमेकांपासून फुगतात, रिव्हेटची डोकी उडतात. जाड भागांत तर धातूचे पापुद्रे सुटू लागतात, खारीच्या बिस्किटासारखे. कोकण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत हे झपाट्याने होते, मराठवाड्याच्या कोरड्या हवेत सावकाश. निवृत्त विमाने ॲरिझोनाच्या वाळवंटात का साठवतात, याचे उत्तर यातच आहे. आणि गावोगावच्या चौकात चौथऱ्यावर चढवलेल्या जुन्या लढाऊ विमानांना पावसाळ्यात आतून काय होत असेल, याचेही. त्यांना दर दोन वर्षांनी रंग दिला जातो. पोटात साचलेले पाणी काढायला कोणी जातो का?

लाकडी विमानांची कथा आणखी नाजूक. १९४४ च्या अखेरीस भारतात आणि पूर्व आघाडीवर मॉस्किटो या लाकडी बॉम्बफेकी विमानांचे पंख हवेतच निखळण्याचे प्रकार घडले, तेव्हा ती सगळी जमिनीवर बसवून तपासावी लागली. सरसाचे सांधे आणि त्यांची जुळणी यांत दोष सापडले. भारतीय हवाई दलाकडचे टायगर मॉथ हे प्रशिक्षण विमान अजूनही कापड आणि लाकडाच्या पंखांचे आहे. इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन आलेले हे विमान २०१२ च्या हवाई दल दिनाला हिंडनवर उडाले. असे विमान उघडताना जुना सांधा चांगला आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. शंका आली की सांधा सोडवूनच पाहावा लागतो.

चीर शोधण्याची साधने मात्र फार गूढ नाहीत. शेंद्रा-वाळूजच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्यांना त्यातली निम्मी रोजची आहेत. भाग स्वच्छ करून त्यावर लाल किंवा हिरवट चमकणारा पातळ रंग लावायचा, चिरेत तो शिरू द्यायचा, वरचा पुसून टाकायचा आणि पांढरी पावडर मारायची. चिरेतला रंग पावडरीत झिरपून रेघ उमटते. पोलादी भाग असेल तर त्याला चुंबकत्व देऊन लोखंडाचा बारीक कीस टाकतात. चिरेच्या ठिकाणी तो कीस गोळा होतो. पत्र्याच्या आतली चीर शोधायला विजेच्या भोवऱ्यांची, म्हणजे एडी करंटची तपासणी असते, पंखाच्या कण्यासाठी क्ष-किरण. माणसाच्या हाडाचा एक्स-रे काढावा तसेच. पण सर्वात जास्त दोष अजूनही टॉर्च, लहान आरसा आणि अनुभवी डोळा हेच पकडतात.

डोळ्याला झाकण घातले की काय होते, त्याचे उदाहरण २००५ मधले. अमेरिकेत मायामीजवळ ग्रुमन मॅलर्ड हे १९४७ मध्ये बनलेले, पाण्यावरही उतरणारे प्रवासी विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. उजवा पंख हवेतच तुटला आणि विमानातले सर्व २० जण गेले. पंखात थकावटीच्या चिरा होत्या. त्यावर आधी ठिगळे मारलेली होती आणि त्याखाली चिरा वाढतच राहिल्या होत्या. वरून पाहणाऱ्याला तिथे दुरुस्ती झालेली दिसत होती.

म्हणूनच खरी पुनर्बांधणी म्हणजे जवळपास नवे बांधकाम असते. आजोबांच्या बैलगाडीची चाके बदलली, कणा बदलला, जू नवे केले, तरी घरात तिला आजोबांचीच गाडी म्हणतात. उडणाऱ्या जुन्या विमानांचेही तसेच. पंखाचा कणा नवा, रिव्हेट नवे, पाइप, वायर, रबर सगळे नवे. जुने काय उरते? काही सांगाडा, काही ओतीव भाग आणि कारखान्याची क्रमांकाची पट्टी. संग्रहालयातल्या अभ्यासकांना हे खुपते, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. विमान उडवायचे तर त्यातला इतिहास काढून टाकावा लागतो. इतिहास ठेवायचा तर ते उडवता येत नाही.

या कामात हात घालणाऱ्यांच्या आरोग्याचा विषय क्वचितच निघतो. युद्धकाळातल्या विमानांची घड्याळासारखी यंत्रे अंधारात दिसावीत म्हणून त्यांच्या काट्यांना आणि आकड्यांना रेडियममिश्रित रंग असे. रेडियमच्या किरणोत्सर्गाने त्यातले जस्ताचे संयुग चमकते. आज अशी तबकडी अंधारात नेली तर ती बहुधा चमकत नाही, आणि लोक समजतात की ती निर्धोक झाली. वस्तुस्थिती उलट आहे. चमकणारे संयुग किरणोत्सर्गाच्या माऱ्याने झिजून गेलेले असते. रेडियम जवळपास तेवढेच असते, कारण त्याचे अर्धआयुष्य १६०० वर्षांचे. काच शाबूत असेल तोवर धोका मर्यादित. पण काच उघडली, जुना रंग भुकटी होऊन हवेत उडाला आणि श्वासावाटे किंवा हाताला लागून पोटात गेला, तर शरीर रेडियमला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. १९२० च्या दशकात अमेरिकेत घड्याळाच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशला ओठांनी टोक काढत. त्यांच्या जबड्यांची हाडे झिजली, अनेकींना हाडांचा कर्करोग झाला. त्यानंतर जगाला हा धोका कळला. जुन्या बाजारात किंवा भंगारात असे लष्करी मीटर हाती लागले तर ते शोभेसाठी खोलून, घासून, पॉलिश करू नये. मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नये. देशात किरणोत्सर्गी वस्तूंवर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईत अणुशक्तिनगरला आहे.

रेडियमइतका नाट्यमय नसला तरी रंगही घातक असतो. जुन्या विमानांच्या आतल्या बाजूला दिसणारा पिवळट-हिरवा थर म्हणजे झिंक क्रोमेट. तो गंज उत्तम रोखतो, पण त्यातला क्रोमियमचा प्रकार फुप्फुसाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरतो. तो कोरडा घासणे म्हणजे स्वतःहून विषाची धूळ घेणे. आणि इंधन. गाड्यांच्या पेट्रोलमधून शिसे भारतात २००० पासून गेले, पण पिस्टन इंजिनांच्या विमानांना लागणाऱ्या विमान-पेट्रोलमध्ये ते अजून आहे, कारण त्याशिवाय ही उच्च दाबाची इंजिने ठोके मारू लागतात. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने असे पेट्रोल देशात बनवायला सुरुवात केली. तोपर्यंत ते बाहेरून येत होते. इंजिन हाताळणाऱ्या मेकॅनिकने हातमोजे घालणे आणि जेवणाआधी हात साबणाने धुणे, ही त्यामुळे शिस्तीची नव्हे, रक्तातल्या शिशाची गोष्ट आहे.

आता त्या अमेरिकेतल्या लिबरेटरकडे परत. त्याच संस्थेकडे बी-१७ जातीचे दुसरे जुने बॉम्बफेकी विमानही होते. दोन्ही मिळून शहरोशहरी जात, लोक पैसे देऊन त्यांत बसत. २ ऑक्टोबर २०१९ रोजी कनेटिकट राज्यात बी-१७ ने १३ जणांना घेऊन उड्डाण केले. काही मिनिटांतच एका इंजिनाने त्रास दिला, वैमानिक परत फिरले, आणि विमान धावपट्टीवर पोहोचण्याआधीच आदळून पेटले. सात जण दगावले. चौकशीत जे निघाले ते वाचण्यासारखे आहे. एका इंजिनाच्या मॅग्नेटोची, म्हणजे ठिणगी देणाऱ्या यंत्राची वायर तिच्या जागेवरून निघालेली होती आणि तिथे साधी बांधायची तार घातलेली होती. ती तार धातूला टेकली आणि मॅग्नेटो बंद. त्याच इंजिनाचा दुसरा मॅग्नेटो आधीच कमजोर. शेजारच्या इंजिनाच्या स्पार्क प्लगमधली फट मर्यादेबाहेर गेलेली. विमान चालवणारा वैमानिकच देखभालीचा प्रमुख होता. अखेरच्या क्षणी वेग आणि चाके यांची हाताळणी चुकल्याचेही अहवाल सांगतो, आणि देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेलाही त्याने सोडलेले नाही. मार्च २०२० मध्ये संस्थेचा प्रवासी नेण्याचा परवाना काढून घेण्यात आला. कानपूरच्या भंगारातून आलेल्या, पुण्याच्या तुकड्यांचा वारसा सांगणाऱ्या लिबरेटरचे प्रवासीही त्यामुळे थांबले.

एक तार. आपल्याकडे तिला जुगाड म्हणतात आणि त्याचे कौतुकही करतात. १९४८ च्या कानपूरमध्येही डागडुजी झाली होती, पण ती एका उड्डाणापुरती, प्रवासी न घेता, आणि पलीकडे बंगळूरला सगळे विमान उघडण्याची तयारी असताना. तात्पुरते काम कायमचे म्हणून राहू द्यायचे नाही, हा तिथला नियम होता. अमेरिकेत तात्पुरते काम विमानात राहून गेले.

मग उडवावे की नाही? याला सरसकट उत्तर देणारे दोन्ही बाजूंना आहेत. सर्वात शहाणा मार्ग बहुधा संख्येवर अवलंबून आहे. पालमचे लिबरेटर आपल्याकडचे एकमेव. ते गेले तर परत मिळणार नाही, म्हणून त्याने छपराखाली उभे राहावे आणि गंजापासून वाचावे, एवढेच पुरे. डाकोटाचे तसे नाही. ती हजारोंनी बनली, अनेक देशांत अजून चालते, तिचे सुटे भाग मिळतात, तिचे इंजिन उघडून बांधणारे कारखाने आहेत. २७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी पहिल्या शीख बटालियनचे जवान दिल्लीहून श्रीनगरला उतरले ते डाकोटातून. त्या दिवसाची आठवण म्हणून व्हीपी ९०५ हा क्रमांक रंगवलेली एक डाकोटा आज हवाई दलाकडे आहे. राजीव चंद्रशेखर यांनी ती आयर्लंडमधून घेतली, इंग्लंडमध्ये दुरुस्त करून घेतली आणि हवाई दलाला दिली. त्यांचे वडील एम. के. चंद्रशेखर हवाई दलात डाकोटा चालवत. तिचे नाव परशुराम. एप्रिल २०१८ मध्ये ती इंग्लंडहून निघाली, फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहारीन, ओमान अशी टप्पे घेत २५ एप्रिलला जामनगरला उतरली आणि मे महिन्यात हिंडनला दाखल झाली.

तिची इंजिने लिबरेटरच्याच घराण्याची, चौदा सिलिंडर गोलाकार मांडलेली. त्यातले खालचे सिलिंडर उलटे लोंबतात आणि विमान उभे असताना वरचे तेल झिरपून त्यांत उतरते. तसेच स्टार्टर मारला तर ते तेल पिस्टनखाली दाबले जाते. तेल दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. तो लगेच तुटेलच असे नाही, आकाशात गेल्यावर तुटू शकतो. म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या डाकोटाचे इंजिन सुरू करण्याआधी दोघे जण पंख्याच्या पात्याला हात लावतात आणि एकेक पाते मोजत पंखा हाताने फिरवतात. पाते मध्येच अडले तर जोर लावायचा नाही. खालच्या सिलिंडरचा प्लग काढायचा, तेल वाहून जाऊ द्यायचे, प्लग पुसून परत बसवायचा आणि मोजणी पहिल्यापासून सुरू करायची.